जुन्या टीव्हींचे विभाग कसे पाडावेत? नावाची पाटी बाजूला ठेवून

तुमचा प्रश्न मी असा समजलो : तुम्ही आणि तुमच्या दोन मित्रांनी मिळून साठेक जुने टीव्ही जमवलेत, शिवाय सुट्या भागांची आणि कागदपत्रांची खोकी आहेत. आधी सगळं कंपनीनुसार लावलंत, मग वर्षानुसार, आणि दोन्ही वेळा काही महिन्यांत घोळ झाला. आता तिघांची मिळून एकच नोंदवही करायची आहे, पण विभागांवर एकमत होत नाही. एकाला देशानुसार हवेत, दुसऱ्याला तंत्रानुसार, तिसरा म्हणतो लाकडी, बॅकेलाइट (जुनं कडक प्लॅस्टिक), प्लॅस्टिक असं सरळ कॅबिनेट बघून लावू.

तिघांचंही बरोबर आहे, म्हणून तर वाद मिटत नाही. तुम्ही एकाच विभागणीकडून दोन कामं मागताय. संच ठेवायचा कुठे, हे एक काम. तो सापडायचा कसा, हे दुसरं. ठेवायची जागा एकच असते, एक टीव्ही दोन फळ्यांवर बसत नाही. शोधायच्या वाटा मात्र हव्या तितक्या असू शकतात. त्यामुळे विभाग मोजके आणि ठाम ठेवा, आणि देश, कॅबिनेट, कंपनी, वर्ष हे सगळं प्रत्येक संचाच्या नोंदीत खूण म्हणून लिहा. हे एकदा मान्य केलंत की अर्धं भांडण तिथेच संपेल. उरलेलं अर्धं म्हणजे ते मोजके विभाग कोणते, आणि खरी गंमत तिथे आहे.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर सोडतो. संग्रह फक्त बघायला ठेवायचा असेल, वीज कधीच जोडायची नसेल, तर तुमच्या तिसऱ्या मित्राचं ऐका. रूपावर लावा, छान दिसेल. एकाच देशाचे वीस-पंचवीस संच असतील तर विभागांची गरजच नाही, एक यादी पुरते. मी पुढे जे सांगतोय ते दुरुस्त करून चालवायचे संच, वेगवेगळ्या देशांतला माल आणि एकाहून जास्त माणसं हाताळणारी, हे गृहीत धरून आहे. तुमच्या वर्णनावरून तुमचं तसंच दिसतंय.

माझ्या स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करतो, कारण तुम्ही केलीत तीच मीही केली होती. पहिली दहा-बारा वर्षं माझं सगळं कंपनीनुसार होतं. दिसायला फार नीटनेटकं. एकदा एक संच दुरुस्तीला घेतला. त्याच्या नावाच्या कप्प्यात ना सर्किटची आकृती, ना सुटा भाग. दोन रविवार एकेक तार शोधत चॅसिस, म्हणजे सगळं सर्किट बसवलेला आतला सांगाडा, कागदावर उतरवत बसलो. तिसऱ्या रविवारी लक्षात आलं की हा मुळात आरसीए या अमेरिकन कंपनीचा ६३०-टीएस आहे, फक्त दुसऱ्या नावाने, दुसऱ्या खोक्यात. त्याची आकृती, जादा फ्लायबॅक (पिक्चर ट्यूबचा उच्च दाब तयार करणारा ट्रान्सफॉर्मर), सगळं माझ्याकडे होतं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

६३०-टीएस हा १९४६ चा, दहा इंची पडद्याचा आणि तीस व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या नळ्यांचा) संच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टीव्ही खऱ्या अर्थाने घरात आला तो याच्यापासून. ही रचना इतकी भक्कम होती की इतर अनेक उत्पादकांनी ती जवळजवळ जशीच्या तशी उचलली आणि पुढची काही वर्षं आपापल्या नावाने विकली. म्हणजे पाटीवर नावं दहा, आत यंत्र एक. ब्रिटनमध्येही तेच. युद्धापूर्वीचे एचएमव्ही ९०१ आणि मार्कोनीफोन ७०२ कंपनीनुसार लावले तर दोन वेगळ्या फळ्यांवर जातात. पाठ उघडलीत तर सख्खी भावंडं निघतात. उलट बाजूही बघा. एकाच कंपनीचा १९३९ चा, १९५४ चा आणि १९७० चा संच शेजारी ठेवला, तर तिघांत पाटी सोडून काहीच समान नसतं. धोके वेगळे, भाग वेगळे, दुरुस्तीची रीतही वेगळी.

वर्षाचं दुखणं निराळं. पहिलं म्हणजे वर्ष नक्की कुठलं धरायचं? मॉडेल बाजारात आलं ते, हा नग बनला ते, की पिक्चर ट्यूब बदलली ते? संचाच्या अंगावर तारखा अनेक असतात. अमेरिकन कॅपॅसिटरवर आणि पोटेन्शिओमीटरवर उत्पादकाच्या आकड्यापुढे वर्षाचा आणि आठवड्याचा आकडा छापलेला असतो. त्यावरून तो भाग कधीचा ते कळतं, संच त्याआधीचा नाही एवढं कळतं, आणि भाग नंतर बदललेला असेल तर तेही कळत नाही. डायलवरून मात्र बरीच मदत होते. अमेरिकन संचाच्या डायलवर चॅनेल १ असेल तर तो १९४८ किंवा त्याआधीच्या आराखड्यावरचा, कारण त्या वर्षी ते चॅनेल टीव्हीकडून काढून घेतलं. यूएचएफ (वरच्या पट्ट्यातल्या चॅनेलांचा) ट्यूनर सगळ्या नव्या संचांत सक्तीचा झाला १९६४ मध्ये. असे पुरावे नोंदीत जरूर लिहा. पण फळी ठरवायला ते कामाचे नाहीत, कारण एकाच वर्षात तीन वेगवेगळी युगं नांदत असतात. १९६० साली एकीकडे सोनीचा आठ इंची ट्रान्झिस्टर टीव्ही आला आणि त्याच वर्षी वीस-बावीस व्हॉल्व्हचे धूड कारखान्यांतून बाहेर पडतच होते. दोन्ही एका फळीवर ठेवून काय साधणार?

मग रेघ कुठे मारायची? माझा निकष एकच आहे, आणि तो ठरवायला मला लाज वाटावी इतकी वर्षं लागली. पाठ उघडण्याआधी जिथे वेगळं काही माहीत असावं लागतं, तिथे नवा विभाग. जिथे ज्ञान तेच, सावधगिरी तीच, तिथे रेघ नको; मग कंपनी बदलो, देश बदलो की लाकडाचं प्लॅस्टिक होवो. या निकषावर माझ्याकडे सहा विभाग उरले. तुमच्याकडे पाच उरतील किंवा सात, पण पंधरा उरणार नाहीत.

पहिला, यांत्रिक टीव्ही. निपकोचं १८८४ चं भोकांच्या चकतीचं पेटंट, बेअर्डचं जानेवारी १९२६ मधलं लंडनचं प्रात्यक्षिक, आणि १९३० पासून विकला गेलेला त्याचा टेलिव्हायझर. चित्र तीस रेषांनी बनलेलं, सेकंदाला अशी साडेबारा चित्रं, निऑन दिव्याचा नारिंगी उजेड आणि डाकतिकिटापेक्षा थोडं मोठं चित्र. पिक्चर ट्यूबच नाही, त्यामुळे पुढच्या कुठल्याही विभागाचं ज्ञान इथे चालत नाही. इथले प्रश्न मोटरचे, चकतीच्या तोलाचे आणि वेग जुळवण्याचे. अस्सल संच हाताला लागणं कठीण, बहुतेकांकडे असतात त्या नव्याने बनवलेल्या प्रतिकृती. त्या इथेच ठेवा, पण नोंदीत पहिल्या ओळीत ‘प्रतिकृती’ लिहा. वीस वर्षांनी कोणीतरी ती अस्सल म्हणून विकू नये.

दुसरा, युद्धापूर्वीचे इलेक्ट्रॉनिक संच. यांची संख्या इतकी कमी असते की लोक ते तिसऱ्या विभागात ढकलून मोकळे होतात. ही चूक मात्र जिवावर बेतू शकते. या संचांत पिक्चर ट्यूबला लागणारे चार-पाच हजार व्होल्ट थेट मेन्स, म्हणजे घरच्या विजेच्या, ट्रान्सफॉर्मरवरून घेतलेले असतात, आणि त्यामागे मोठा कॅपॅसिटर. नंतरच्या फ्लायबॅकवाल्या संचात उच्च दाब जोरदार झटका देतो, पण त्यामागे प्रवाह फारसा नसतो. हात मागे झटकला जातो आणि आपण शिव्या घालतो. इथे शिव्या घालायला माणूस उरेलच याची खात्री नाही. युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या काही ब्रिटिश संचांतही हीच रचना आहे. म्हणून माझ्याकडे या विभागाचं नाव ‘युद्धपूर्व’ असं नाहीच, ‘मेन्स ईएचटी’ असं आहे (ईएचटी म्हणजे पिक्चर ट्यूबचा उच्च दाब), आणि १९४७ चा असा एखादा संच बिनदिक्कत १९३७ च्या शेजारी बसतो. इतिहासाची आवड असलेल्या मित्राला हे खटकलं होतं. त्याला म्हटलं, साल नोंदीत आहे, जीव फळीवर आहे.

याच विभागात आरशाचे संच येतात : पिक्चर ट्यूब उभी, चित्र वरच्या झाकणातल्या आरशात. ब्रिटनमधला एचएमव्ही ९०० तसा, अमेरिकेतला आरसीए टीआरके-१२ तसा, जो १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी पाहिला. आरशासाठी वेगळा उपविभाग करायचा मोह मलाही झाला होता. करू नका. आरसा ही खूण आहे.

तिसरा विभाग सगळ्यात मोठा : युद्धानंतरचे व्हॉल्व्हवाले कृष्णधवल संच. तुमच्या साठातले निम्म्याहून जास्त इथे पडतील आणि मग तुम्ही म्हणाल, हा कसला विभाग, ही तर गोणी झाली. बरोबर आहे. म्हणून फक्त इथे मी उपविभाग करतो, आणि तेही कंपनीवर नाही, प्रक्षेपणाच्या पद्धतीवर. ४०५ रेषा, ५२५ रेषा, ६२५ रेषा, ८१९ रेषा.

कारण सांगतो. संच दुरुस्त झाला की पुढचा प्रश्न असतो, याला दाखवायचं काय? ब्रिटनची ४०५ रेषांची सेवा लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसवरून नोव्हेंबर १९३६ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी १९८५ मध्ये कायमची बंद झाली. त्या संचाला आज हवेतून काहीच मिळत नाही. चित्र हवं तर पद्धत बदलून देणारा कन्व्हर्टर लागतो. फ्रान्सच्या ८१९ रेषांचंही तेच. आणि फरक फक्त रेषांचा नाही. ४०५ मध्ये आवाज एएम, चित्राचं मॉड्युलेशन पॉझिटिव्ह, म्हणजे लहर जितकी जोरदार तितकं चित्र उजळ. ५२५ मध्ये आवाज एफएम, मॉड्युलेशन निगेटिव्ह, म्हणजे बरोबर उलट. म्हणजे ब्रिटिश संचावर कुठेतरी ठिणगी उडाली तर पडद्यावर पांढरे ठिपके दिसतात, अमेरिकनवर काळे. ज्याचा हात ५२५ वर बसलाय तो ४०५ समोर आला की तासभर चुकीच्या ठिकाणी शोधत राहतो. तुमच्या देशानुसार लावणाऱ्या मित्राला जे हवंय ते नव्वद टक्के इथेच मिळतं, फक्त नाव देशाचं नाही, पद्धतीचं.

दोन पद्धतींवर चालणारे ब्रिटिश संच इथे डोकेदुखी करतात. बीबीसीची दुसरी वाहिनी एप्रिल १९६४ मध्ये ६२५ रेषांवर आली, जुन्या वाहिन्या ४०५ वरच होत्या, म्हणून आत एक लांबलचक सरकता स्विच असलेले संच निघाले. ते मी ४०५ मध्ये ठेवतो आणि ६२५ ची खूण करतो. कारण फार तात्त्विक नाही : त्या स्विचबद्दल ज्यांना कळतं ती माणसं ४०५ वालीच असतात.

या तिसऱ्या विभागात तीन गोष्टींना मी लाल खूण करतो, उपविभाग नाही. एक, सात इंची ७जेपी४ ट्यूबचे छोटे अमेरिकन संच. यांत किरण वळवायला कॉइल नसते, प्लेटा असतात, आणि त्या प्लेटांकडे जाणारे कॅपॅसिटर हजारो व्होल्ट अंगावर घेऊन बसलेले असतात. नेहमीच्या सहाशे व्होल्टचा कॅपॅसिटर सवयीने तिथे बसवणारे मी पाहिलेत. दोन, धातूच्या शंकूच्या पिक्चर ट्यूब, उदाहरणार्थ १६एपी४. काचेच्या ट्यूबला हात लावायची सवय असते, आणि इथे चालू संचात तो अख्खा शंकूच उच्च दाबावर असतो. तीन, प्रोजेक्शन संच : अडीच किंवा पाच इंची छोटी ट्यूब, वीस-पंचवीस हजार व्होल्ट, आणि चित्र आरसे-भिंगांतून मोठं केलेलं. माझ्याकडे असे दोनच आहेत. तुमच्याकडे सहा-सात असतील तर त्यांना स्वतंत्र विभाग द्या, त्यांचं दृक्शास्त्र हा वेगळाच अभ्यास आहे.

चौथा, रंगीत व्हॉल्व्ह संच. इथे एका संचाने माझी सगळी तत्त्वं पणाला लावली होती. अमेरिकेत जून १९५१ मध्ये सीबीएस या प्रक्षेपण कंपनीच्या पद्धतीने रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये थांबलंही. त्या पद्धतीत कृष्णधवल ट्यूबसमोर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरचं चक्र फिरतं. रेषा ४०५, पण ब्रिटनच्या ४०५ शी काडीचा संबंध नाही. सेकंदाला १४४ क्षेत्रं (अर्ध्या रेषांची चित्रं). आता हा संच यांत्रिक, ४०५ चा, की रंगीत? मी आठवडाभर तो दारातच ठेवला होता. शेवटी स्वतःला विचारलं, हा शोधत येणारा माणूस आधी कुठे जाईल? रंगीतकडे. संपलं. ‘फिरतं चक्र’ ही खूण केली. (हे चक्र पुढे चंद्राच्या वाटेवर गेलं. १९६९ मध्ये अपोलो १० वरच्या रंगीत कॅमेऱ्यात हीच युक्ती होती. हरलेली पद्धत, पण काय नशीब.)

बाकी रंगीत संचांत आरसीएचा १९५४ चा सीटी-१०० हा सगळ्यांचा लाडका. त्याची १५जीपी२२ ट्यूब हेच त्याचं दुखणं : काच आणि धातू जिथे जोडलेत तिथून हवा शिरते, आणि हवा शिरली की ट्यूब मेली. म्हणून रंगीत संचाच्या नोंदीत पहिली ओळ ट्यूबच्या तब्येतीची असावी, मॉडेलची नंतर. १९६० च्या दशकातल्या संचांत उच्च दाब पंचवीस हजारांच्या घरात जातो आणि तो स्थिर ठेवणारा व्हॉल्व्ह क्ष-किरण सोडतो. त्याच्याभोवतीचा लोखंडी पिंजरा शोभेचा नाही. पिंजरा गायब असेल तर तसं ठळक लिहा आणि तो संच चालवू नका. युरोपातल्या पाल आणि सेकाम या रंगीत पद्धतींचे संच, दोन्ही १९६७ पासूनचे, याच विभागात, पद्धत खुणेत.

पाचवा, ट्रान्झिस्टरचे संच. फिल्कोचा १९५९ चा सफारी, सोनीचा १९६० चा, मग सोनीचा ट्रिनिट्रॉन १९६८ चा, आणि इटलीच्या ब्रिऑनव्हेगाचे झानुसो-सॅपर जोडीने रेखाटलेले देखणे छोटे संच. या विभागाची हद्द ठरवताना नेहमी वाद होतो तो मिश्र संचांवरून : सिग्नलच्या बाजूला ट्रान्झिस्टर, शेवटी व्हॉल्व्ह. माझा नियम असा की आडव्या स्कॅनिंगच्या (किरण पडद्यावर आडवा फिरवण्याच्या) शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्ह असेल तर संच व्हॉल्व्हवाला, बाकी कितीही ट्रान्झिस्टर असोत. तापतो तोच टप्पा, बिघडतो तोच, आणि फ्लायबॅक खातो तोही तोच. नियम थोडा एकतर्फी आहे, पण तीन माणसं तीन वेळा तपासली तरी उत्तर एकच येतं, आणि विभागणीच्या नियमाकडून मला एवढंच हवं असतं.

सहावा, उशिराचे पिक्चर ट्यूबवाले : १९८० नंतरचे, स्टुडिओ मॉनिटर धरून. जुने खेळ खेळायला हे संच हवे असणारी मंडळी आता खूप आहेत. त्यांना संग्राहक म्हणायचं की नाही यावर माझे मित्र नाकं मुरडतात. मी मुरडत नाही, पण विभाग वेगळा ठेवतो. त्यांचे प्रश्न जोडणीचे, रंगांच्या जुळवणीचे आणि पडद्याच्या भूमितीचे असतात; व्हॉल्व्हच्या संचांत ते मिसळले की दोन्हीकडचे लोक वैतागतात.

आता खुणा. प्रत्येक संचाच्या नोंदीत मी काय लिहितो ते सांगतो. चॅसिस क्रमांक सगळ्यात वर, मॉडेल क्रमांकाच्याही वर. आरसीएच्या कृष्णधवल चॅसिसवर केसीएस, रंगीतवर सीटीसी अशी मालिका असते. सीटी-१०० म्हणजे सीटीसी-२. मॉडेल म्हणजे चॅसिस अधिक कॅबिनेट, आणि एकाच चॅसिसची आठ-दहा मॉडेलं सहज असतात. ज्या दिवशी तुम्ही चॅसिसने शोधायला लागाल त्या दिवशी तुमच्याकडे निम्मे संच ‘नवे’ उरणार नाहीत. मग पिक्चर ट्यूबचा क्रमांक. तो स्वतःच बोलतो : १०बीपी४ मधले दहा म्हणजे इंच, शेवटचं पी४ म्हणजे पांढरा फॉस्फर, पी२२ दिसलं की रंगीत. ट्यूबची मोजलेली स्थिती आणि मोजल्याची तारीख. पडद्यावर मोतीबिंदू पडलाय का. म्हणजे ट्यूब आणि पुढची संरक्षक काच यांच्यामधला चिकट थर सडून कडेला डाग आलेत का. चॅसिस मेन्सला थेट जोडलेली आहे का. युरोपात तर बहुतेक तशाच, आणि तिथे ‘आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (संच मेन्सपासून अलग करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) हात नको’ एवढी एक ओळ पुरते. शेवटी मूळ काय आणि बदललेलं काय. कंपनी, देश, साल, कॅबिनेटचं साहित्य, रिमोट आहे का, हे त्याखाली. तिसऱ्या मित्राला बॅकेलाइटचे सगळे संच एकत्र बघायचे असतील तर खूण शोधून दोन मिनिटांत मिळतील. १९५० चा बुश टीव्ही२२ फळीवर ४०५ मध्येच राहील, यादीत मात्र या मित्रासमोर येईल.

सुट्या भागांना वरचे विभाग लावू नका. ही चूक मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक संग्रहात आहे. व्हॉल्व्हला युग नसतं, क्रमांक असतो. एकच व्हॉल्व्ह १९४८ च्या संचात आणि १९६२ च्या संचात सापडतो. व्हॉल्व्ह क्रमांकाने, पिक्चर ट्यूब क्रमांकाने, फ्लायबॅक आणि डिफ्लेक्शन योक (किरण वळवणारी कॉइल) चॅसिसने, नॉब मात्र कंपनीने. हो, कंपनी शेवटी इथे कामाला येते. जुने मेणाचे कागदी कॅपॅसिटर ‘असू दे’ म्हणून जपू नका, ते संचात परत लावायचे नसतात. पिक्चर ट्यूब उघड्या फळीवर तर अजिबात नकोत. आत पोकळी असते, फुटली की काचा आधी आत जातात आणि मग सगळीकडे उडतात. खोक्यात, तोंड खाली, मानेला काही न टेकता.

कागदपत्रं आणखी वेगळी. अमेरिकन सॅम्स फोटोफॅक्टचे, म्हणजे दुरुस्तीच्या आकृत्यांचे, फोल्डर १९४६ पासून सेट करून क्रमांकाने निघालेत. त्यांचा क्रम मोडून ती तुमच्या विभागांत वाटून टाकू नका. मी टाकली होती. एका सेटमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे फोल्डर असतात. सेट एका विभागात गेला की इतरांना दिसेनासा होतो. ज्याने छापलं त्याने क्रम लावूनच छापलंय, तो राहू द्या. संचाच्या नोंदीत सेटचा आणि फोल्डरचा क्रमांक लिहा, एवढंच.

‘इतर’ नावाचं खोकं असेलच. असू द्या, पण त्यावर एक नजर ठेवा. माझा ढोबळ हिशोब असा : त्यात एकाच जातीचे पाच नग झाले, आणि त्या पाचांसाठी मला काही वेगळं शिकावं लागलं, तर नवा विभाग. पाच झाले पण वेगळं काही शिकावं लागलं नाही, तर मी आळशीपणा केलाय, ते मूळ विभागात परत. कॅमेरे, व्हिडिओ रेकॉर्डर, तपासणीची यंत्रं ही सुरुवातीला ‘इतर’मध्येच राहू द्या. विभाग आधी करून रिकामा ठेवला की त्याला शोभेसाठी काहीतरी विकत घ्यावंसं वाटतं. हा मी माझ्यावरच केलेला आरोप आहे.

सुरुवात मात्र साठांपासून करू नका. तिघांनी मिळून सगळ्यात अडचणीचे दहा संच निवडा : मिश्र, दोन पद्धतींचा, प्रतिकृती, कॅबिनेट एकाचं आणि चॅसिस दुसऱ्याची असलेला, असे. प्रत्येकाने एकमेकांना न दाखवता त्यांना विभाग लावा आणि मग कागद शेजारी ठेवा. जिथे तिघांची उत्तरं वेगळी येतील तिथे संच अवघड नसतो, तुमचा नियम अर्धवट असतो. तो एका ओळीत पुरा करा आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा. आमच्या पहिल्या पानावर सध्या नऊ ओळी आहेत. नववी कॅबिनेट आणि चॅसिसच्या बेमेळ जोडीसाठी आहे : फळी चॅसिसची, कॅबिनेटची खूण. तुमची ओळ उलटी निघाली तरी हरकत नाही, फक्त तिघांची एकच असू द्या.